फोन कोनाचा आला?

[दृश्य: पहाट. बुलडाणा जिल्ह्यातलं एक गाव. नळावर हंड्यांची रांग.]

निवेदन:

नळावर एकच प्रश्न फिरतो. "फोन कोनाचा आला वो?" तुझ्या नवऱ्याचा आला काय, असं थेट कोणी विचारत नाही. आला नसेल, तर त्या बाईनं काय सांगावं? ज्या घरी आला, ते घर आपणहून बोलतं.

गावातली पाच-सहा पोरं फौजेत आहेत. 'फील्ड' पोस्टिंग लागलं की बायको-लेकरं गावातच राहतात, आणि पत्ता उरतो '५६ एपीओ', म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा, ३० दिवस किरकोळ. हे झालं कागदावर. पेरणीला आला तर दिवाळी हुकते, आणि पाऊस काही रजेचा अर्ज पाहून येत नाही.

[दृश्य: जून. वावरात सोयाबीनची पेरणी.]

म्हणून रजेवर आलेला फौजी दोन दिवस घरी टिकतो. तिसऱ्या दिवशी तो दुसऱ्या फौजीच्या वावरात दिसतो. हिशेब कोणी लिहून ठेवत नाही. पुढच्या मोसमाला फेड आपोआप होते.

[दृश्य: ओसरी. जुनी पत्र्याची पेटी, कागदांची पिशवी.]

या आजींचे यजमान फौजेतच वारले. नवी सून गावात आली की आजी पहिल्याच आठवड्यात विचारतात, "पार्ट-टू निघाली काय?" लग्नाची, लेकराची नोंद करणारी ही ऑर्डर निघाली नाही, तर नवऱ्याच्या कागदावर बायकोच नसते. बुलडाण्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जायचं तर एसटीत आजी सोबत असतात. खिडकीजवळची जागा मात्र त्यांचीच.

१४ फेब्रुवारी २०१९. पुलवामात ४० जवान गेले, त्यातले दोघे याच जिल्ह्यातले. ते सीआरपीएफचे होते. गाव त्यांनाही मिलिटरीवालेच म्हणतं. सरकारी कागद तसं म्हणत नाही. सैन्याची जुनी पेन्शन कायम राहिली, पण १ जानेवारी २००४ पासून निमलष्करी दलांत भरती झालेल्यांना नवी योजना लागली. गोळीला हा फरक कळत नाही, एवढं बोलून आजी गप्प होतात.

[दृश्य: लग्नाचा मांडव. जुनं मोबाइल चित्रण.]

मे २०२५. ऑपरेशन सिंदूरचे दिवस, रजा रद्द. बहिणीच्या हळदीला आलेला भाऊ त्याच रात्री मलकापूर स्टेशनावर पोचला. लग्नात भावाचा मान दुसऱ्या फौजीच्या धाकट्या भावानं घेतला. आणि एका माजी सुभेदारांनी घरोघरी फिरून दोन गोष्टी सांगितल्या: टीव्ही बंद ठेवा, आणि पोरगा गाडीत बसतानाचा फोटो व्हॉट्सॲपवरून काढा. दुसरी गोष्ट लगेच ऐकली गेली. पहिली कोणत्याच घरानं पाळली नाही, सुभेदारांच्याही.

[दृश्य: संध्याकाळ. चुलीपाशी मोबाइल वाजतो.]

बारा दिवसांनी फोन. चार मिनिटांचा. त्यानं आधी पाऊस विचारला, मग बैलाचा पाय, मग लेकराची शाळा. "मी बरा हाव" म्हणाला आणि लाइन तुटली.

ती उठली. ओल्या हातानंच शेजारच्या दाराशी गेली. त्या घरी वीस दिवस फोन नाही.

"आला व्हता वो बाई. सगळेच बरे हायेत म्हने."

सगळेच, असं तो म्हणाला नव्हता.