कोड मिळाला म्हणजे रंग जुळला असं नाही

(गोव्यातल्या फोंड्यात गाडीवाल्यांसमोर झालेलं व्याख्यान, थोडं संपादन करून)

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या बघू, टवके लांबून दिसत नाहीत, आणि खरं तर टचअपचं, म्हणजे खडी लागून रंगाचा टवका उडाला की तेवढीच जागा रंगाने भरायची, त्याचं काम तेवढंच असतं, दोन हातांवरून टवका दिसू नये. नाक लावून बघितलात तर दिसणारच. ते चालत नसेल तर बॉनेट सरळ रिपेंटला द्या आणि कंपनीचा रंग कायमचा घालवून बसा, माझं मत विचाराल तर दहा टवक्यांसाठी असं करणं वेडेपणा आहे.

उदाहरणाला फोर्डची मस्टँग घेऊ, 2016 ला आपल्याकडे आली ती, लाल. नाक खाली, टायर रुंद, आणि समोर खडीचा टिप्पर, पत्रादेवी ते पोळे हायवेवर फिरणाऱ्याला बाकीचं सांगायला नको. बॉनेटचं टोक आणि बंपर तर जातातच, पण चाकांमागचा खालचा भाग गाडी स्वतःच्याच टायरने फोडते, तिकडे कोणी वाकून बघत नाही.

सगळे आधी रंगामागे धावतात, मी म्हणतो आधी फ्रिजवरचा लोहचुंबक आणा, मध्ये मऊ फडकं धरून लावून बघा. ह्या मस्टँगचं बॉनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे, चिकटणारच नाही, दरवाजे स्टीलचे, बंपर प्लॅस्टिकचा. स्टील उघडं पडलं की तांबडा गंज, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते आणि बाजूचा रंग फुगायला लागतो, त्यात आपली खारी हवा, मिरामारला समुद्राकाठी राहणाऱ्याने धातू दिसला की तो टवका सगळ्यात आधी घ्यावा. भुकटी किंवा गंज खरवडून काढायचा, मग त्या धातूला चालणारा प्रायमर, मगच रंग. बंपरला गंजायचं भय नाही, तो सावकाश केलात तरी काही बिघडत नाही.

आता कोड, म्हणजे कंपनीने रंगाला दिलेला नंबर. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीत स्टिकर असतो त्यावर बघा, मस्टँगच्या ह्या लालचं नाव रेस रेड, कोड पीक्यू. पण एका कोडच्याही थोड्या वेगळ्या छटा असतात, बॅच बदलते, बंपर वेगळा रंगवलेला असतो, वर ऊन खाऊन लाल फिकटतो तो वेगळाच. म्हणून आधी टवक्याशेजारचा भाग धुऊन हलकं पॉलिश करायचं, नाहीतर तुम्ही मळाशी रंग जुळवत बसाल. मग पांढऱ्या कार्डावर रंग लावायचा, सुकू द्यायचा, वर क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मारायचा आणि कार्ड उन्हात गाडीला लावून बघायचं. उन्हात, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही, तिथे जुळलेला रंग बाहेर आल्यावर हमखास वेगळा दिसतो. बाटलीतला ओला रंग तर बघूच नका.

मेटॅलिक, म्हणजे चमकीच्या रंगवाल्यांची गोष्ट अवघड आहे. स्प्रेमध्ये ते चमकीचे कण आडवे बसतात, ब्रशने कसेही बसतात, त्यामुळे अगदी बरोबर रंगसुद्धा काळपट ठिपका दिसतो. सिल्व्हरला सगळ्यात वाईट. लाल-पांढऱ्या सॉलिड, बिनचमकीच्या रंगवाल्यांनी देवाचे आभार माना.

लावताना झाकणातला ब्रश नको, टूथपिक घ्या. कंपनीचा सगळा रंग, प्रायमर ते क्लिअर, धरून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, झेरॉक्सच्या एक-दीड कागदाएवढा, तेवढाच खड्डा भरायचाय. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेल-वॅक्स पुसून काढा. मग बारीक थेंब, सुकला की खाली बसतो, कारण थिनर उडून जातो, मग परत थेंब, असं करत पातळीच्या जरा खाली आणायचं आणि वरचं क्लिअरने भरायचं. एकदाच जाड गोळा टाकलात तर वरून सुकतो, आतून मऊच राहतो. आणि मग आठवडाभर हात लावायचा नाही बाबा! नंतर 2000 नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात वापरायचा बारीक पॉलिश पेपर, छोट्या कडक तुकड्यावर गुंडाळून, पाणी लावून, फक्त उंचवट्यावर, मग घासून चकाकी आणायचं कंपाउंड. बोटाने घासलात तर शेजारचा क्लिअर जातो, तो परत मिळत नाही.

जून ते सप्टेंबर हे काम करूच नका, हवेतल्या दमटपणाने सुकता सुकता रंगावर पांढुरकी धुरी येते. नोव्हेंबरनंतर करा, दव उडाल्यावर, सावलीत, बॉनेट गार असताना.

कोणीतरी मघाशी पीपीएफचं, म्हणजे रंग वाचवायला वरून चिकटवतात त्या पारदर्शक फिल्मचं, विचारलं होतं. लावा, पण टचअप आणि पॉलिश झाल्यावर, रंग पूर्ण कडक झाल्यावर. आणि पुढे कधी फिल्म काढायची झाली तर काढणाऱ्याला टचअप कुठे कुठे आहे ते आधी दाखवा, तेवढ्या जागी हळू ओढायला सांगा, नाहीतर थेंब फिल्मबरोबर निघून येतो.