आर्किटेक्चरला जायचंय?

नमस्कार श्रोतेहो.

शाळेतल्या एखाद्या मुलाचा हात चित्रकलेत जरा बरा दिसला, की घरात कोणीतरी हमखास म्हणतं, "ह्याला आर्किटेक्चरला घाला." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण चित्र चांगलं येणं हा या शिक्षणाचा अगदी छोटा भाग आहे. मी स्वतः हे शिक्षण घेतलं, आणि आता बरीच वर्षं शिकवते आहे. त्या कॉलेजात रोज नेमकं काय चालतं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

सगळ्यात जास्त वेळ जातो डिझाइन स्टुडिओत. मुलांना एक काम दिलं जातं: वाचनालय, पाळणाघर, नाहीतर लहानसा दवाखाना. जागा दाखवतात, तिथे कोण येणार, काय करणार ते सांगतात, आणि मग मूल आणि त्याचा कोरा कागद. ठरलेलं उत्तर कुठल्याच पुस्तकात नसतं. शाळेत उत्तरं पाठ करून पहिला नंबर काढलेली मुलं इथे पार गोंधळतात. "मॅडम, हे बरोबर आहे का?" असं विचारतात. मी उलट विचारते, "दार इथेच का ठेवलंस?" कारण सांगता आलं तर दार राहतं. नाही आलं, तर ते हलवायचं, आणि दार हललं की खोली हलते, खोली हलली की अख्खा प्लॅन.

जिन्याचंच बघा. पहिल्या वर्षातलं मूल प्लॅनवर दोन मीटरच्या चौकोनात सात-आठ रेघा मारतं, वर जाणारा बाण काढतं आणि जिना झाला म्हणतं. मग आम्ही हिशोबाला बसतो. दोन मजल्यांमधली उंची ३ मीटर. एका पायरीची उंची १५० मिलिमीटर धरली, तर २० वेळा पाय उचलावा लागणार. पाय ठेवायला ३०० मिलिमीटर रुंदी हवी. सरळ एका रेषेत जिना नेला, तर त्यालाच जवळजवळ पावणेसहा मीटर लांबी लागते! ही मापं आली कुठून? सतराव्या शतकात फ्रान्समधल्या फ्रांस्वा ब्लोंदेल या आर्किटेक्टनी चालणाऱ्या माणसाच्या पावलावरून एक नियम मांडला: पायरीची उंची दुप्पट करून तीत रुंदी मिळवली, की ती बेरीज एका पावलाएवढी यावी. दीडशे, दीडशे आणि तीनशे, म्हणजे सहाशे मिलिमीटर. आजही स्टुडिओत हाच हिशोब चालतो.

खरी गंमत पुढे येते, सेक्शन काढायला घेतल्यावर. सेक्शन म्हणजे इमारत उभी कापली तर आत जे दिसेल ते. तिथे कळतं, की सहाव्या पायरीवर उभ्या माणसाचं डोकं वरच्या बीमला आपटतंय. बीम सरकवला तर कॉलम सरकतो, आणि तो खालच्या वाचनाच्या खोलीत बरोबर मधोमध येऊन उभा राहतो. पंधरा दिवसांचं काम पुसायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. त्या वेळी मुलाच्या चेहऱ्यावर वैताग असतो. पण पुढचा प्लॅन काढताना तेच मूल मनातल्या मनात जिना चढून बघायला लागतं. मला शिकवण्यात सगळ्यात जास्त आनंद कशाचा होत असेल, तर तो याचा.

हे पुसणं थोरामोठ्यांनाही चुकलेलं नाही. सिडनीच्या ऑपेरा हाउसच्या डिझाइनची स्पर्धा डेन्मार्कचे आर्किटेक्ट योर्न उट्सन यांनी १९५७ मध्ये जिंकली, पण छताची ती मोठाली कवचं बांधायची कशी, हेच ठरलेलं नव्हतं. काही वर्षं आकार बदलत राहिले. शेवटी सगळी कवचं एकाच मोठ्या गोलातून कापायचं ठरलं, तेव्हा साचे पुन्हा पुन्हा वापरता आले. इमारत खुली झाली १९७३ मध्ये.

आता ज्युरी. शीट्स भिंतीला लावायच्या, मॉडेल टेबलावर ठेवायचं आणि शिक्षकांसमोर, बाहेरून आलेल्या आर्किटेक्टसमोर उभं राहून आपलं काम समजावून सांगायचं. चांगली ज्युरी कागदाबद्दल बोलते: उजेड कुठून येतो, व्हीलचेअर कुठे अडकते. वाईट ज्युरी मुलाबद्दल बोलते. काही ठिकाणी अपमानालाच शिस्त समजतात, आणि हे मला अजिबात मान्य नाही. रडवून कोणाला डिझाइन येत नाही.

रात्रभर जागण्याबद्दलही तेच. सबमिशनच्या आधी जागरणं होतात, ती कौतुकाने सांगितली जातात. झोप नसलेल्या हातात कटर असतं आणि बोटं कापली जातात, हे मात्र कोणी सांगत नाही. माझ्या वर्गात मी शीट्स दोन दिवस आधी मागते. काम त्याने उणं झालेलं मी पाहिलेलं नाही.

बाकी विषय असतातच: स्ट्रक्चर, बांधकामाचं साहित्य, हवामान, पाणी आणि ड्रेनेज, इतिहास, बांधकामाचे नियम. गणिताला घाबरून इकडे येऊ नका, स्ट्रक्चरमध्ये ते भेटतंच. आणि पालकांनो, फीशिवाय प्रिंट, मॉडेलचं सामान आणि चांगला कॉम्प्युटर यांचाही खर्च आधीच धरून ठेवा.

प्रवेश घेण्यापूर्वी एक करा. शक्य असेल तर एखाद्या कॉलेजात मुलांच्या कामाचं प्रदर्शन बघून या, आणि शेवटच्या वर्षातल्या मुलांशी शिक्षक जवळ नसताना बोला. मग घरी येऊन मेजरिंग टेप घ्या आणि स्वतःची खोली मोजा. भिंतीची जाडी, खिडकीचा कट्टा जमिनीपासून किती उंच, दार उघडलं की कुठवर येतं, सगळं. ते एकास पन्नास प्रमाणात कागदावर काढा. मापं जुळणार नाहीत, पुन्हा मोजावं लागेल. पुन्हा उठून मोजावंसं वाटलं, तर अर्ज भरायला हरकत नाही.

नमस्कार.