एकाच खोलीतल्या शिंका

(दृश्य : खिडकीतून आलेली उन्हाची तिरीप, तिच्यात तरंगणारी धूळ.)

तिरिपेत दिसते तेवढीच धूळ आहे, असं वाटतं. एरवीही ती असतेच, आणि सगळेच ती श्वासाबरोबर आत घेतात. या खोलीत दोन सख्खे भाऊ झोपतात. सकाळी एक जण दोनदा शिंकतो आणि कामाला लागतो. दुसऱ्याच्या शिंका थांबता थांबत नाहीत. डोळे चुरचुरतात, नाक चोंदतं, रात्र तोंडाने श्वास घेण्यात गेलेली असते. त्याला नाकाची ॲलर्जी आहे.

‘आमच्या घराण्यातच आहे हे,’ घरातलं कुणीतरी म्हणतं आणि विषय मिटतो. बोलण्यात तथ्य आहे. पण घराण्यातून येतं ते नेमकं काय?

१९१६ साली रॉबर्ट कुक आणि अल्बर्ट व्हॅन्डर वीर या दोन अमेरिकन डॉक्टरांनी ५०४ रुग्णांच्या घराण्यांची माहिती मांडली. वडिलांना परागकणांचा त्रास, तर मुलाला भलत्याच कशाचा तरी. म्हणजे वारशाने ठरावीक वावडं येत नव्हतं, वावडं जडण्याची प्रवृत्ती येत होती. जनुक म्हणजे काय हे पुरतं उमगलं नव्हतं, त्या काळातली ही नजर.

(दृश्य : नाकाच्या अस्तराचं आरेखन.)

ही प्रवृत्ती नाकात अशी उतरते. शरीर आयजीई नावाची प्रतिपिंडं, म्हणजे बाहेरचे कण ओळखणारी प्रथिनं, तयार करतं आणि ती अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तोच परागकण किंवा धुळीतल्या सूक्ष्म किड्याचा तोच अंश पुन्हा आला, की या पेशी हिस्टामाइन हे रसायन सोडतात. मिनिटांत खाज, शिंका, पाणी. काही तासांनी दाहाच्या इतर पेशी गोळा होतात आणि नाक चोंदलेलंच राहतं.

या साखळीतल्या जवळजवळ प्रत्येक कडीवर जनुकांचा हात आहे. २०१८ साली दोन लाखांहून जास्त लोकांच्या जनुकीय माहितीतून या आजाराशी जोडलेल्या, गुणसूत्रांवरच्या ४१ जागा पुढे आल्या. सहाव्या गुणसूत्रावरची एचएलए जनुकं बाहेरच्या प्रथिनाचा कोणता तुकडा संरक्षक पेशींना दाखवायचा, ते ठरवतात. पाचव्यावरचं टीएसएलपी म्हणजे अस्तराची धोक्याची घंटा. कुणाची घंटा हलक्या धक्क्यानेही वाजते. अकराव्या गुणसूत्रावर संरक्षण यंत्रणेला ब्रेक लावणाऱ्या पेशींशी संबंधित एक जागा आहे. यांतलं एकही जनुक एकट्याने शिंक काढत नाही. प्रत्येकाचा वाटा चिमूटभर.

फिलॅग्रिनची गोष्ट त्यातही न्यारी. हे जनुक त्वचेचं. ते बिघडलं की त्वचा कोरडी पडते, तिची तटबंदी ढिली होते. नाकाच्या आतल्या अस्तरात त्याचं फारसं काम नाही, तरी या बिघाडाच्या लोकांत नाकाची ॲलर्जी जास्त आढळते. बहुधा शरीराची त्या कणांशी पहिली गाठ फाटक्या त्वचेतूनच पडते, आणि राग निघतो नाकावर.

पण ‘होणार का’ आणि ‘किती होणार’ हे प्रश्न वेगळे आहेत. संशोधनाने पहिल्याचा जेवढा पाठपुरावा केला, तेवढा दुसऱ्याचा केलेला नाही. एकसारख्या जुळ्यांत दोघांनाही त्रास असण्याचं प्रमाण इतर जुळ्यांपेक्षा जास्त असतं. तरी एकाचं नाक वाहतं आणि दुसऱ्याचं कोरडं, अशा जोड्याही भरपूर आहेत.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस संशोधक जॉन कॉनेल यांनी परागकणांचं वावडं असलेल्या लोकांच्या नाकात दिवसागणिक परागकण सोडून पाहिले. आधी जितके कण लागत, त्याच्या अंशमात्र कणांनीही पुढे तोच त्रास होऊ लागला. नाक तेच, जनुकंही तीच; सतत डिवचल्यामुळे ते हळवं झालं होतं.

(दृश्य : दवाखाना. दुसरा भाऊ डॉक्टरांसमोर.)

आजही तीव्रता जनुकांच्या तपासणीवरून ठरत नाही. डॉक्टर विचारतात, ‘आईवडिलांपैकी कुणाला दमा, इसब, सततची सर्दी?’ दोघांनाही असेल तर मुलाला हा आजार होण्याची शक्यता वाढते. मग पुढचा प्रश्न, तीव्रतेचा :

‘रात्री झोप लागते का?’