पोस्ट टाकली, पुढे काय?

(पडद्यावर: काळ्या चौकोनांची रांग)

मंगळवार, २ जून २०२०. आठ दिवसांपूर्वी अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला होता. त्या मंगळवारी लाखो लोकांनी इन्स्टाग्रामवर काळा चौकोन टाकला. मूळ हाक संगीत व्यवसायातल्या जमिला थॉमस आणि ब्रिआना अ‍ॅग्येमँग या दोघींची होती. एक दिवस काम थांबवायचं आणि कृष्णवर्णीय कलावंतांच्या जिवावर मोठ्या झालेल्या या व्यवसायाला जाब विचारायचा. लोकांनी त्यातला चौकोन तेवढा उचलला. वर 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' (कृष्णवर्णीयांचे जीवही मोलाचे) हा हॅशटॅग लावला. मोर्चांची, मदतनिधीची माहिती याच हॅशटॅगखाली मिळायची, ती चौकोनांखाली गाडली गेली. शेवटी कार्यकर्त्यांनाच सांगावं लागलं, हा हॅशटॅग काढा.

चौकोन टाकणाऱ्यांचं मन खोटं होतं असं नाही. पण त्यात कुणाचा वेळ गेला नाही, पैसा गेला नाही, कुणाशी वाईटपणा घ्यावा लागला नाही.

(बैठकीची खोली)

अन्याय होणाऱ्यांना खरी साथ द्यायची तर हे सगळं थोडं थोडं द्यावं लागतं. वाईटपणा घ्यायची पहिली जागा म्हणजे कामावरची बैठक. एखादी सहकारी काही सुचवते, कुणी दखल घेत नाही. थोड्या वेळाने तेच दुसरा कुणी बोलतो आणि सगळे माना डोलावतात. ओबामांच्या काळात व्हाइट हाउसमधल्या स्त्रियांनी यावर उपाय काढला होता. एकीने मुद्दा मांडला की दुसरीने तिचं नाव घेऊन तो पुन्हा मांडायचा. हे कुणालाही जमण्यासारखं आहे. 'हे मघाशी त्यांनीच सांगितलं, त्यांचं ऐकू या.' एवढं बोलून गप्प बसायचं. गडबड होते ती इथेच, कारण पाठराखण करायला उठलेला माणूस पुढे स्वतःच बोलत सुटतो. इतिवृत्त कोण लिहिणार, हेही पाळी लावून ठरवा. 'कोण लिहितंय?' असं विचारलं की दरवेळी तोच हात वर होतो.

नोकरीच्या मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येकाने आधी गुण लिहायचे, चर्चा नंतर. उलटं केलं तर वरिष्ठ पहिल्यांदा बोलतात आणि बाकीच्यांचे गुण तिकडे झुकतात. 'आपल्यात मिसळेल का?' हा निकष तर काढूनच टाका. त्याचा अर्थ बहुतेकदा 'आपल्यासारखा आहे का?' एवढाच निघतो.

(बसथांबा, गर्दी)

समोर कुणाला त्रास दिला जात असेल तर थेट भिडणं हा एकच मार्ग नसतो, आणि अनेकदा तो सगळ्यात धोक्याचा. त्रास देणारा चिडला तर राग तुमच्यापेक्षा त्या व्यक्तीवरच निघू शकतो. त्याच्याकडे दुर्लक्ष करून तिला वेळ विचारा, रस्ता विचारा, दोघांच्या मध्ये उभे राहा. वाहक, सुरक्षारक्षक असेल तर त्याला बोलवा. तिच्याजवळ आधीच कुणी असेल तरच चित्रीकरण करा, तेही लांबून. तारीख, वेळ आणि जागा बोलून नोंदवा. पोलिसांना बोलवायचं का, हे शक्य असेल तर तिलाच विचारा. सगळं निवळल्यावर 'थांबू का? कुणाला फोन करायचा आहे का?' एवढं पुरे. चित्रीकरण तिच्या हवाली करायचं. तिच्या परवानगीशिवाय ते टाकणं म्हणजे तिच्या अपमानाचा दुसरा प्रयोग.

ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांच्याकडेच 'आम्हाला जरा समजावून सांगा' म्हणून फुकट वर्ग मागू नका. आधी वाचा. व्याख्यानाला बोलावलंत तर मानधन द्या, आणि रक्कम निमंत्रणातच लिहा.

(बँकेचा अर्ज)

देणगीचंही तसंच. बातमी गाजत असताना पैशांचा लोंढा येतो, पुढे ओघ आटतो. त्या भरवशावर संस्थेला पगारी माणूस नेमता येत नाही. म्हणून रक्कम लहान असली तरी खात्यातून दरमहा आपोआप जाईल अशी सोय करा. अमुक कामालाच वापरा, अशी अट घालू नका. कार्यालयाचं भाडंही कुणीतरी भरावंच लागतं.