बागेतली रेल्वे: आधी रूळ, मग वीज

नमस्कार मंडळी. रुळातून वीज घेऊन धावणाऱ्या छोट्या मॉडेल गाडीसाठी बागेत रूळ टाकलेला माणूस भेटला की बहुतेक वेळा एकच तक्रार ऐकू येते: गाडी घराजवळ झकास पळते, पण पेरूच्या झाडापलीकडे गेली की मलूल होते, मोठा पॉवर सप्लाय घेऊ का? माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी रुळाखाली बघा, मग रुळाच्या जोडांत बघा, आणि मगच खिशात हात घाला. मूळ दुखणं जोडात असताना नुसता सप्लाय वाढवणं धोक्याचं असतं. ते कसं, ते पुढे येईलच.

आपल्यापैकी बहुतेकांकडे ४५ मिलिमीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर असलेला, पितळी रूळ आहे. न्युरेंबर्गच्या लेहमान कंपनीने १९६८ साली 'एलजीबी' बाजारात आणली आणि घराबाहेर, उन्हापावसात चालणारी खेळण्यातली गाडी हा प्रकार जगभर रुजला. १:२२.५ या प्रमाणात ४५ मिलिमीटर म्हणजे मीटर गेज. आपल्या माथेरानच्या गाडीचं गेज दोन फुटांचं, म्हणजे ६१० मिलिमीटर. ती याच रुळावर प्रमाणात बसवायची असेल तर मॉडेल साधारण १:१३.६ ला करावं लागतं. डबे चांगले दांडगे होतात, पण दिसतात फार देखणे. कुणी मनावर घेतलं तर मला खरोखर आनंद होईल.

आता जमीन. कोथरूडच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयातल्या गाड्या छपराखाली धावतात. आपल्या गाडीखाली माती आहे, आणि ती काळी असेल तर पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता रूळ टाकला तर एका वर्षात त्याची लाट होते. वीतभर खोदा, मुरूम टाकून नीट ठोका, पाण्याला बाजूला वाट द्या आणि वर क्रशरची बारीक खडी पसरा. खडी धारदार कोपऱ्यांचीच हवी, कारण ते कोपरे एकमेकांत अडकतात आणि रूळ जागेवर धरतात. नदीतले गुळगुळीत गोटे दिसायला छान, पण ते घरंगळतात. मग पाणसळ आडवी ठेवून दोन्ही रूळ एका पातळीत आहेत का, ते दर हातभर अंतरावर बघा. चढ मीटरला दोन सेंटिमीटरपर्यंत ठेवा. माथेरानला १:२० चा चढ आहे, म्हणजे मीटरला पाच सेंटिमीटर. हौस म्हणून तेवढा द्यायचा असेल तर डबे कमी लावायची तयारी ठेवा.

दुसरी गोष्ट ऊन. पितळी रूळ भर उन्हात साठ अंशांपर्यंत सहज तापतो आणि डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांवर येतो. पन्नास अंशांच्या फरकाने दहा मीटर पितळ जवळजवळ साडेनऊ मिलिमीटर लांबतं. एवढ्या लांबीला जागा मिळाली नाही तर रूळ वाकडा होणारच. म्हणून वळणावरचा रूळ कधीही खिळे मारून जखडू नका, त्याला खडीत थोडं इकडेतिकडे सरकू द्या. लांब सरळ भागात एखादा जोड मुद्दाम सैल ठेवा आणि त्याच्या दोन्ही बाजू लवचीक वायरीने जोडून टाका.

आता विजेकडे येतो. पितळी रूळ स्वतः वीज चांगली वाहून नेतो. अडवतो तो जोड. तीस सेंटिमीटरचे तुकडे असतील तर दहा मीटरमध्ये एका बाजूला तीसच्या वर जोड येतात, आणि प्रत्येकात पाणी, माती आणि हिरवा कळक शिरतो. तो जोड शोधायचा कसा? नुसता मल्टिमीटर लावला तर तो तुम्हाला हमखास फसवतो. मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे सडलेल्या जोडापलीकडेही पुरे व्होल्ट दाखवतो. करंट वाहायला लागला की व्होल्ट पडतात. मोटारीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब घ्या. स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळतो. तो सर्वांत लांबच्या टोकाला दोन रुळांमध्ये लावा, सप्लाय १२ व्होल्टवर ठेवा. आता पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट वाहतोय. मीटरची एक पिन जोडाच्या अलीकडे, एक पलीकडे, दोन्ही एकाच रुळावर टेकवा. चांगल्या जोडावर काही मिलिव्होल्ट दिसतील. जिथे पाव-अर्धा व्होल्ट दिसला, तिथे तुमची गाडी मलूल होते. या कामाला एक संध्याकाळ पुरते आणि खर्च जवळजवळ नाही. मला हे काम फार आवडतं, कारण अंदाज संपतो आणि दोष समोर दिसतो.

असा जोड उघडा, आतून घासून स्वच्छ करा आणि स्टेनलेस स्क्रूचा क्लॅम्प बसवा. चिंच किंवा भांडी घासायची पावडर रुळाला लावू नका. पितळ चकाकतं खरं, पण आंबट पाणी जोडात उतरतं आणि आतून पुन्हा कळकतं. रुळाच्या कडा तपकिरी झाल्या तरी हरकत नाही, चाक टेकतं तेवढा माथा स्वच्छ हवा. तोही सँडपेपरने नको, त्याच्या ओरखड्यांत घाण बसते. बारीक घासणी पुरे.

मग फीडर, म्हणजे सप्लायपासून रुळापर्यंत वीज नेणारी वायर. वीस मीटर लांब वीज न्यायची तर येण्याजाण्याची वायर चाळीस मीटर होते. दीड चौरस एमएमच्या तांब्याच्या वायरीत तीन अँपिअरला दीड व्होल्टच्या आसपास वाटेतच जातात, चार चौरस एमएमच्या वायरीत अर्ध्या व्होल्टच्या आसपास. जाड वायर एकदाच टाकायची असते, तिथे काटकसर करू नका. दर चार-पाच मीटरवर तिचा फाटा रुळाला द्या, आणि डाग (सोल्डर) देण्यापेक्षा थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक) लावून स्क्रूने आवळा. डाग देताना पितळ सगळी उष्णता ओढून घेतं आणि प्लास्टिकचे स्लीपर वितळतात. सप्लाय घरात किंवा पडवीत ठेवा, त्याच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असू द्या. २३० व्होल्टची वायर वाफ्यात अजिबात जाता कामा नये.

डीसीसीवर (रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळे डिजिटल आदेश देणारी पद्धत) जाणाऱ्यांनी शॉर्टची चाचणी करावीच. दोन रुळांवर धातूची पट्टी आडवी टेकवली की बूस्टर, म्हणजे रुळाला वीज देणारा डबा, तत्काळ बंद पडला पाहिजे, आणि हे रुळावर सगळीकडे तपासायचं. एखाद्या ठिकाणी तो बंद पडला नाही, तर खराब जोड करंट रोखून धरतोय. पाच अँपिअरच्या बूस्टरला शॉर्ट कळतच नाही आणि तो जोड कित्येक वॉट पिऊन तापत राहतो. सुरुवातीला धोका म्हणालो तो हा.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मात्र मी स्पष्ट सांगेन: बॅटरी घ्या. आपल्याकडे चार महिने पाऊस, शेवाळ, पानगळ. वीज रुळातून न्यायचीच नसेल तर जोडांची निम्मी चिंता मिटते, रूळ फक्त सरळ आणि समपातळीत ठेवायचा. लिथियमचे १८६५० आकाराचे चार सेल एकापाठोपाठ एक जोडले की १४.८ व्होल्ट मिळतात. तीन अँपिअर-तासांचे सेल आणि एक अँपिअर घेणारं इंजिन असेल, तर गाडी जवळपास तीन तास चालते. बीएमएस (सेल जास्त भरू किंवा उतरू न देणारं सर्किट) आणि फ्यूज लावल्याशिवाय पॅक इंजिनात ठेवू नका. इंजिन मे महिन्यात उन्हात उभं करू नका. नुकतंच चालून तापलेलं इंजिन लगेच चार्जिंगलाही लावू नका. पावसाळ्यात गाडी कपाटात जाणार असेल, तर सेल निम्मे भरलेले ठेवा आणि अधूनमधून व्होल्ट तपासा.