साकवापासून पानवलच्या पुलापर्यंत

मंडळी, पावसाळा सरला की आपल्याकडे वहाळावर साकव घालतात. पोफळीची चार-पाच खोडं या काठावरून त्या काठावर टाकायची, आडवी बांधून घ्यायची, की झाला साकव. मी लहानपणी त्यावरून शाळेत जायचो. मधोमध आलं की पायाखालची खोडं लवायची आणि काठ जवळ आला की पुन्हा ताठ वाटायची. पुढे नोकरीत पुलांचीच कामं केली, आणि आयुष्यभर जे गणित मांडलं ते या लवण्याचंच होतं.

स्ट्रक्चरल अनॅलिसिस म्हणजे भार कुठल्या वाटेने जमिनीत जातो आणि त्या वाटेवर कुणाला किती सोसावं लागतं, हे आधी शोधून काढणं. आपल्या घरात कौलाचं वजन रीपेवर, रीपेचं वाशावर, वाशाचं आढ्यावर आणि भिंतीवर, आणि तिथून जांभ्याच्या चिऱ्यांतून पायात जातं. ही वाट आपल्या सुतारांना माहीत होती. चार बाय सहा इंचांची तुळई ते कधी आडवी झोपवत नाहीत, सहाची बाजू उभी ठेवतात. का, ते गणिताने सांगायला गॅलिलिओ यावा लागला.

त्याचं पुस्तक १६३८ साली हॉलंडमधल्या लायडनला छापलं गेलं. तेव्हा तो घरात नजरकैदेत होता आणि त्याची दृष्टी गेली होती. भिंतीत रोवलेल्या आणि टोकाला वजन टांगलेल्या तुळईचं त्यातलं चित्र मला फार प्रिय आहे. तुळईची ताकद उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढते, हे त्याने ओळखलं. आपल्या चार बाय सहाच्या तुळईचा हिशेब करा: उभी ठेवली तर चार गुणिले छत्तीस, म्हणजे १४४. आडवी ठेवली तर सहा गुणिले सोळा, म्हणजे ९६. लाकूड तेच, ताकद दीडपट.

पण त्याची एक चूक झाली. तुळई खालच्या कडेवर फिरते आणि तिचा सगळा छेद, म्हणजे आडवी कापली तर दिसणारा भाग, सारखाच ताणला जातो, असं त्याने धरलं. खरं तर त्या तुळईत वरचे तंतू ताणले जातात, खालचे दाबले जातात आणि मधल्या एका थरावर ताणही नसतो, दाबही नसतो. त्यामुळे त्याच्या हिशेबात तुळईची ताकद तिप्पट निघते. ही चूक पुरती निस्तरायला दीडशेहून जास्त वर्षं गेली. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६७८ साली नियम सांगितला, की जितका ताण त्या प्रमाणात लांबणं. त्याआधी दोन वर्षं त्याने हाच नियम अक्षरांची उलटापालट करून कोडं म्हणून छापलं होतं, म्हणजे शोधाचा मान दुसऱ्याला जायला नको! फ्रेंच इंजिनिअर कुलाँने १७७३ साली पॅरिसच्या अकादमीपुढे तुळईतल्या ताण-दाबाची बरोबर मांडणी केली, आणि फ्रान्सच्याच नाविएच्या १८२६च्या व्याख्यानांतून ती इंजिनिअरांच्या हाती आली.

आता साकवाकडे परत येऊ. वहाळ रुंद आहे म्हणून मधोमध दगडांचा एक आधार रचला आणि काठापासून काठापर्यंत एकच लांब खोड टाकलं. खोडावर सगळीकडे सारखा भार आहे. मधल्या आधारावर किती येईल? अर्धा, असं वाटतं. दोन तुकडे असते तर अर्धाच आला असता. पण खोड अखंड आहे, म्हणून मधल्यावर आठातले पाच भाग येतात. हे नुसत्या समतोलाच्या समीकरणांतून निघत नाही. समीकरणं दोन आणि आधार तीन. तिसरी अट लवण्यातून मिळते: खोड मधल्या दगडावर टेकलेलंच राहिलं पाहिजे. दगड जरासा खचला, की त्याचा वाटा काठांवर सरकतो. आकार बदलतो कसा हे पाहिल्याशिवाय भार कळत नाही. माझ्या मते या शास्त्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे. अशा अखंड तुळयांसाठी फ्रेंच इंजिनिअर क्लापेरॉनने १८५७ साली तीन मोमेंटांचं समीकरण दिलं. मोमेंट म्हणजे तुळईला वाकवणारा जोर.

रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवलचा पूल तुमच्यातल्या अनेकांनी पाहिला असेल. उंची ६० मीटरांहून जास्त, लांबी ४०० मीटरांहून जास्त. त्या दरीत खालून टेकू लावणं शक्य नव्हतं. म्हणून एका काठावर तुकडा ओतायचा, जॅकने पुढे ढकलायचा, मागे नवा ओतायचा. या पद्धतीने बांधलेला हा देशातला पहिला पूल. यात पुलाचा प्रत्येक भाग सरकताना कधी खांबावर असतो, तेव्हा त्याची वरची बाजू ताणली जाते, आणि कधी दोन खांबांच्या मध्ये येतो, तेव्हा खालची. म्हणजे गणित उभ्या पुलाचं करून भागत नाही, चालत्या पुलाचं करावं लागतं.

ही गणितं हाताने करणं जिकिरीचं. अमेरिकन इंजिनिअर हार्डी क्रॉसने १९३० साली दहा पानांच्या लेखात वाट दाखवली: सगळे सांधे कुलूपबंद समजा, एक सोडा, त्याचा उरलेला मोमेंट शेजाऱ्यांत त्यांच्या ताठपणाप्रमाणे वाटा, पुन्हा बंद करा, पुढचा सोडा. आम्ही कॉलेजात पानंच्या पानं हे केलं. १९५६ नंतर विमानाच्या पंखांच्या हिशेबातून आलेली, रचनेचे बारीक तुकडे पाडण्याची फायनाईट एलिमेंटची रीत कॉम्प्युटरवर चढली, आणि आता मुलं तेच काम चहा निवायच्या आत करतात. पण भाराची वाट त्यांनाही आधी मनाशी काढावीच लागते.

कारण वाट उलटीही होते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. वारा छपरावरून जाताना त्याला वर ओढतो, आणि दार उघडलं की आतूनही वर ढकलतो. आपली घरं वजन खाली नेण्यासाठी बांधलेली. कौलं नुसती ठेवलेली, वासे आढ्यावर टेकलेले. खाली दाबताना हे सांधे पक्के, वर ओढलं की सुटे.

तर यंदा आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं काढाल तेव्हा पत्र्याच्या हुकापासून सुरुवात करा आणि एकेका सांध्याला हात लावत खाली या. हुक रीपेला धरून आहे का, रीप वाशाला, वासा आढ्याला, आढं खांबाला? शेवटी खांबाच्या बुडाशी बसून बघा, तो दगडाला कशाने जखडलाय. पुष्कळ जुन्या घरांत तिथे काहीच नसतं, खांब नुसता टेकलेला असतो.