सडा, पावसाळा आणि जनसुनावणी

श्रोतेहो, नमस्कार.

कोकणातला सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे पठार, एप्रिलमध्ये पाहिला, तर तो उजाड कातळ वाटतो. श्रावणात मात्र त्याच सड्यावर रानफुले असतात, खळग्यांत पाणी साचलेले असते आणि जांभ्यातून मुरणारे हे पाणी पायथ्याच्या विहिरींना व झऱ्यांना पुढे कित्येक महिने पुरते. अशा जागी प्रकल्प यायचा असेल, तर त्याच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालासाठी लागणारी पायाभूत माहिती सर्वसाधारणपणे पावसाळा वगळून एकाच ऋतूत गोळा केली जाते. म्हणजे ज्या चार महिन्यांत सड्याचे खरे रूप दिसते, नेमके तेच कागदावर येत नाहीत. मला ही त्रुटी सर्वांत गंभीर वाटते.

आपल्या देशात पर्यावरणीय परिणामांचे हे मूल्यांकन 1994 मध्ये बंधनकारक झाले. सध्याची पद्धत 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेने ठरवलेली आहे. पर्यावरण मंजुरीच्या पहिल्याच अर्जात काय लिहिले जाते यावर पुढचे किती अवलंबून असते, हे गोव्यातील पेडणे तालुक्यातल्या मोपा विमानतळाच्या प्रकरणात दिसले. परिसरातील पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांची माहिती अर्जात दिली गेली नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये पर्यावरण मंजुरी स्थगित केली आणि तज्ज्ञ समितीला फेरविचार करायला सांगितले. जानेवारी 2020 मध्ये अधिक अटींसह ती स्थगिती उठली. विमानतळ झाला, ही गोष्ट खरी. पण जी माहिती आधी समोर यायला हवी होती, तिच्यासाठी नागरिकांना दिल्लीपर्यंत जावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते.

ती माहिती गावातूनच देण्याची जागा म्हणजे जनसुनावणी. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते, आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध असावा लागतो. जमीन संपादित होणार असेल, तर 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार होणारे सामाजिक परिणामांचे मूल्यांकन वेगळे असते (त्यातून काही प्रकल्पांना सूट मिळू शकते, हेही ध्यानात ठेवावे). गुराख्याची चराई, कुळाची वहिवाट, मजूर बाईचा रोजगार या गोष्टी सातबाऱ्यावर दिसतीलच असे नाही. त्या तिथे सांगाव्या लागतात.

तेव्हा आपल्या गावात सुनावणी लागली, तर मराठी सारांश आधी मागून वाचा. कोणती विहीर कोणत्या महिन्यापर्यंत पाणी देते, कोणता ओहोळ कुठून येतो, हे तारखेसह लिहून हरकत द्या आणि तिची पोच घ्या. सुनावणीच्या अखेरीस इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावे, असा नियम आहे. ते वाचून होईपर्यंत थांबा, आणि आपली विहीर त्यात आली नसेल, तर अधिकाऱ्यांची सही होण्यापूर्वी उभे राहून तसे सांगा.